लिंबावरची नंबरपाटी

सन्माननीय अध्यक्ष श्री. बाळासो पोवार, शाहूपुरीतली आपली गुळाची पेढी बंद ठेवून आलेले प्रमुख पाहुणे श्री. कल्लाप्पाण्णा मगदूम, व्यासपीठावरील मंडळाचे पदाधिकारी, लक्ष्मीपुरी स्टँडवरचे सर्व रिक्षाचालक बंधू, जागा न मिळाल्यामुळे दाराशी उभ्या राहिलेल्या भगिनी, आणि ज्यांच्यासाठी हा हार आणला आहे ते सत्कारमूर्ती श्री. केरबा साळोखे, म्हणजे माझे आबा, आपणा सर्वांना कालिंदी साळोखेचा नमस्कार.

मला सभेत बोलता येत नाही. विनयाने म्हणते असे कृपया समजू नये. शाळेत वक्तृत्वस्पर्धेला बाईंनी माझे नाव घातले की मला खराखुरा ताप यायचा. मग भाषण मी लिहायचे, म्हणायचे दुसरीने, आणि ढालही तिनेच घरी न्यायची. त्यामुळे आजही मी लिहून आणले आहे आणि वाचूनच दाखवणार आहे. कागदावरून डोळे न उचलण्याच्या या सवयीची हकिगत पुढे येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवते.

अध्यक्ष आपल्या भाषणात म्हणाले की आजचा समारंभ दुहेरी आहे. केरबा साळोखे यांनी पोलिसांविरुद्धचा खटला जिंकला म्हणून सत्कार, आणि आठ वर्षे टांगा व पंधरा वर्षे रिक्षा चालवून त्यांना थांबावे लागले म्हणून निरोप. "निरोप नावापुरता हाय," असेही ते म्हणाले, "आमची वकीलबाई उद्या अपील टाकती आणि म्होरल्या महिन्यात केरबा परत लायनीत." यावर टाळ्या पडल्या. आबांनीही वाजवल्या.

जे बाहेरून आले आहेत त्यांच्यासाठी खुलासा करते. आबांचे लायसन परवाना अधिकाऱ्यांनी एकोणतीस दिवसांपूर्वी रद्द केले. त्याविरुद्ध अपील करायला तीस दिवस मिळतात. उद्याचा दिवस शेवटचा. अपिलाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे आणि आबा गेले एकोणतीस दिवस मी काय करते याची वाट पाहत आहेत.

त्याकडे मी येईनच. आधी अध्यक्षांची आज्ञा पाळते. आबा निर्दोष सुटल्यापासून स्टँडवरचा जो तो मला विचारतो, "आम्हालाबी लढायचंय, कसं लढायचं सांग की." अध्यक्षांनी बजावले आहे की सत्काराच्या भाषणातच ते सांगून टाक, परत परत सगळे गोळा होत नाहीत.

तर बंधूंनो, समन्स आले की प्रथम ते वाचा. आपण हसलात, पण मी तीन शनिवार कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून पाहिले आहे. नावाचा पुकारा होतो, तुम्ही पिंजऱ्यापाशी जाता, आरोप वाचून दाखवला जातो. तो तुम्ही ऐकत नाही, कारण तुमचा जीव बाहेर लावलेल्या रिक्षात अडकलेला असतो. "गुन्हा कबूल आहे?" असे विचारले की तुम्ही "कबूल" म्हणता आणि भाडे गाठायला धावता. त्या तीन शनिवारी अडुसष्ट जणांनी कबूल म्हटले. त्यातला एक ट्रक ड्रायव्हर होता. कागदांची अदलाबदल होऊन त्याच्यावर दिव्याविना सायकल चालवल्याचा आरोप वाचला गेला. त्याने तोही कबूल केला. कबुली दिली की दंडाबरोबर लायसनवर शेराही पडू शकतो, आणि असे शेरे साठत गेले तर एक दिवस लायसनच हातचे जाते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हात वर करू नका. मला संख्या माहीत आहे.

चौकात हवालदाराशी हुज्जत घालू नका. तिथे तुम्ही जे बोलता ते तो डायरीत तुमच्यापेक्षा चांगल्या मराठीत लिहितो. त्याऐवजी तो कुठे उभा होता, तोंड कुठे होते, मध्ये हातगाडी होती की बैलगाडी, ऊन कुणाच्या डोळ्यांवर होते, हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी जा. अंतर पावलांनी मोजू नका, टेपने मोजा, आणि नकाशा काढा. साक्षीला हवालदार आला की लहान लहान प्रश्न विचारा, आणि ज्यांची उत्तरे तुम्हाला आधीच माहीत आहेत तेवढेच विचारा.

हे सगळे मी केले. म्हणून आता खटल्याचे उदाहरणच सांगते.

गेल्या जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी आबा आठ मुलींना शाळेत सोडून रिकामी रिक्षा घेऊन दसरा चौकातून येत होते. आकाराम हवालदारांनी हात केला. रिक्षा थांबली नाही. हवालदारांनी मागून नंबर टिपला आणि महिन्याभराने समन्स आले. स्टँडवर ते पुस्तकासारखे हातोहात फिरले. ज्ञानूकाका, तुम्ही म्हणालात, "पंचवीस रुपयं फेक आणि मोकळा हो गड्या." अध्यक्षमहाराज, आपण म्हणालात, "घरात वकील पोरगी असताना दंड भरतोस? लोकं शेण घालतील तोंडात." विद्यापीठात पहिली येऊन मला तीन महिने झाले होते. सनद नवी होती, कोट नवा होता, पक्षकार एकही नव्हता. मला अध्यक्षांचे म्हणणे पटले.

आबांना दंड भरायचा होता. उचगावच्या आमच्या घरी, जेवताना, ते मला म्हणाले, "भरून टाकूया की बाळ. मला काय त्येचा हात दिसला न्हाय."

मी ताट सरकवून वही घेतली आणि लिहिले, "हवालदाराने हात दाखवलाच नाही." लिहिलेले आबांना वाचून दाखवले. त्यांनी माझे ताट परत माझ्यापुढे ओढले. मग म्हणाले, "तसं न्हवं गं," आणि भाकरी मोडू लागले. मग म्हणाले, "तू शिकलीयास. तुला कळतंय."

आपल्यापैकी कुणाचा मुलगा पुढे वकील झाला तर त्याला माझा हा सल्ला सांगा. पक्षकाराचे वाक्य सुधारू नये. माझ्या आबांनी सगळा खटला एका वाक्यात खरा सांगितला होता आणि मी तो शुद्ध करून खोटा केला.

आता कोर्ट. आकाराम हवालदार साक्षीला उभे राहिले. मी कागदाकडे बघून विचारले, "रिक्षा पुढे गेल्यावर आपण नंबर किती अंतरावरून वाचलात?"

"असंल चाळीसभर पावलं, बाईसाहेब."

"पाठमोऱ्या रिक्षाचा?"

"व्हय. तोंडाकडनं वाचायला ती थांबाय पायजे हुती की."

"मध्ये धूळ होती?"

"कोल्हापुरात हाय न्हवं आपण?"

कोर्ट हसले. न्यायाधीशांनी मला तिसऱ्यांदा सांगितले, जरा मोठ्याने बोला. मी मोठ्याने म्हणाले की हवालदारांना एवढ्या अंतरावरून नंबर वाचता येतो का हे कोर्टाने स्वतः पाहावे, त्या रिक्षाची पाटी मी काढून आणली आहे. न्यायाधीश सज्जन होते आणि जेवणाच्या सुट्टीला वीस मिनिटे होती. त्यांनी होकार दिला. आवारातल्या लिंबाच्या झाडावर पट्टेवाल्याने पाटी टांगली. चाळीस पावलांवर चुन्याची रेघ ओढली. महिन्यांमागचा नंबर आकाराम हवालदारांच्या ध्यानात नव्हता; डायरी मिटून ते रेघेवर उभे राहिले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बावीस तेहतीस."

पाटी बावीस त्र्याऐंशी होती. आठाचा तीन झाला, आणि आपण त्या क्षणी खटला जिंकला. स्टँडवरच्या मंडळींनी कोर्टाच्या आवारात शिट्टी वाजवली, त्याबद्दल न्यायाधीशांनी ताकीदही दिली.

माझ्याकडून तिथे थांबणे झाले नाही. परीक्षेत उत्तर पूर्ण झाल्यावरही मी पुरवणी मागून घेणारी मुलगी. माझ्या कागदावर पुढचा मुद्दा होता आणि तो मी वाचला. "हवालदारच काय, रोज ती रिक्षा चालवणाऱ्या आरोपीलाही एवढ्या अंतरावरून ती पाटी वाचता येणार नाही. कोर्टाने त्यालाही वाचायला सांगावे." मी पान उलटत होते तेवढ्यात पट्टेवाल्याने पाटी काढून घेतली. ते मी पाहिले नाही. न्यायाधीशांनी झाडाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, असे मला नंतर आकाराम हवालदारांनी सांगितले. मग न्यायाधीश म्हणाले, "वाचा, केरबा."

आबा रेघेवर उभे राहिले. टोपी नीट केली. रिकाम्या झाडाकडे तोंड करून खड्या आवाजात म्हणाले, "बावीस त्र्याऐंशी, साहेब. लख्ख दिसतंय की."

पट्टेवाला पाटी काखेत धरून त्यांच्या मागे उभा होता.

सगळे आवार हसले. पानवाला हसला, कारकून हसले, पुढच्या खटल्यातले आरोपी हसले. आपल्या मंडळाचे अकरा सभासद तिथे होते, ते मात्र हसले नाहीत. तेव्हा मला वाटले, हा केवढा आदर. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बराबर सांगितलं न्हवं?"

न्यायाधीशांच्या निकालात दोन परिच्छेद आहेत. पहिल्यात संशयाचा फायदा देऊन आरोपीला निर्दोष सोडले आहे. तो ऐकून तुम्ही बाहेर गुलाल उधळला आणि हलगी लावून आबांना स्टँडपर्यंत नेले. दुसऱ्या परिच्छेदात म्हटले आहे की आरोपीची नजर सार्वजनिक वाहन चालवण्यास योग्य आहे काय, याची परवाना अधिकाऱ्यांनी तपासणी करावी. तो ऐकायला मी एकटीच उरले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. डावीकडचे आबांना काहीच दिसत नाही आणि उजवीकडचे थोडेसे, नळीतून पाहावे तसे.

घरातल्या वकिलाला हे आधी कळले नव्हते का, असे आपण विचाराल. दोन वर्षे मी रोज सकाळी आबांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत होते. "तुझा आवाज मोकळा हुईल," ते म्हणायचे, आणि माझा संकोच घालवण्यासाठी हा अडाणी माणूस केवढी युक्ती करतो या विचाराने मला भरून यायचे. मी मैत्रिणींना हे अभिमानाने सांगत असे.

मला ठाऊक नव्हते. तुम्हाला होते.

गुलालाच्या दिवशीच दुपारी ज्ञानूकाका स्टँडवर मला म्हणाले, "कशाला रडतीस पोरी? दोन वर्सं झाली, आम्ही संभाळतोय की त्येला. शाळंच्या येळंला माझी रिक्षा म्होरं, त्येची मागं. मी ब्रेक दाबला की लाल दिवा दिसतोय त्येला. न्हाई दिसला तर हॉर्न मारतो. लांबचं भाडं आलं की दुसरा घेतोय. आजपतोर कुनाला कळू दिलं न्हाई." आणि त्या सोमवारी? "त्या दिवशी मेव्हणीच्या लग्नाला कबनूरला गेलतो मी. त्येला म्हटलं हुतं, आजच्या दिस ऱ्हाऊ दे. ऐकतोय व्हय?"

बंधूंनो, स्टँडच्या या रिवाजाचे मंडळाच्या वार्षिक अहवालात कौतुक नाही, म्हणून मी इथे करते. छप्पन्न चालकांनी दोन वर्षे एका माणसाचे डोळे आपापसांत वाटून घेतले. घरी बायकांना सांगितले नाही. त्या माणसाच्या मुलीला सांगितले नाही. डॉक्टरला तर नाहीच. काचबिंदू लवकर सापडला तर उरलेली नजर टिकवता येते, असे डॉक्टर म्हणाले. तुम्ही आबांना इतके नीट सांभाळलेत की ती नजरही गेली.

ज्ञानूकाका, बसा. उठून जाऊ नका. दोनच पाने उरली आहेत.

प्रमुख पाहुणे कल्लाप्पाण्णा मघाशी आपल्या भाषणात म्हणाले, "केरबावर माझा इतका भरोसा, की अपघात झाल्यावरबी माझी पोर चंदना मी त्याच्याच रिक्षातनं शाळंला धाडली." सभेने टाळ्या वाजवल्या. अण्णा, आपण त्या टाळ्या ऐकल्यात. आता मी सांगते ते ऐका. गेल्या श्रावणात चंदना रिक्षातून उतरली, तिची कंपासपेटी पुढच्या चाकापाशी पडली, ती उचलायला वाकली आणि रिक्षा सुरू झाली. डाव्या पायाची दोन बोटे गेली. ब्रेकची वायर तुटली, असे आपल्याला सांगण्यात आले. मिस्त्रीने तुटकी वायर आणून दाखवली. आपण म्हणालात, "यंत्र हाय, तुटतंय. केरबाचा काय दोष?" आणि फळांची करंडी घेऊन आलेल्या मंडळींना चहा पाजलात.

अण्णा, वायर तुटली नव्हती. ती तुटकी वायर अध्यक्षांच्या स्वतःच्या जुन्या रिक्षाची होती. चंदना डावीकडे वाकली होती. आबांना ती दिसलीच नाही.

हे मला ज्ञानूकाकांनी सांगितले, आबांनी नाही. मी विचारले तेव्हा आबा म्हणाले, "लई लागलं का गं तिला अजून? कुनी सांगतच न्हाई मला." दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुऊन येऊन म्हणाले, "अपील कर बाळ. चार वर्सं अजून ओढतो. ज्ञानू हाय की म्होरं."

आता अपील. तेही सल्ल्याच्याच भाषेत सांगते, म्हणजे उपयोगी पडेल. परवाना अधिकाऱ्यांनी सोमवारी नोटीस दिली आणि बुधवारी लायसन रद्द केले. म्हणणे मांडायला पुरेशी मुदत दिली नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर तारीख आहे, शिक्का नाही. एवढ्या दोन चुकांवर तो हुकूम टिकत नाही. मी आजवर एकच खटला चालवला आहे, तरी शपथेवर सांगते की हे अपील मी जिंकेन. चौकशी पुन्हा होईपर्यंत सहा महिने, कदाचित वर्ष जाईल, आणि तोवर लायसन आबांच्या खिशात असेल. शाळा सोमवारी सुरू होते. आठ मुली आहेत.

मी अपील करणार नाही.

घरी आबा रोज विचारतात आणि मी रोज म्हणते, बघते. मला समोर बसलेल्या एका माणसाला नाही म्हणता येत नाही. म्हणून तीनशे माणसांसमोर, कागदाकडे बघून म्हणते आहे. हे भित्रेपणाचे आहे हे मला कळते. पण आता हे सर्वांनी ऐकले आहे, तेव्हा आबांना पुन्हा विचारता येणार नाही आणि मला पुन्हा बघते म्हणता येणार नाही.

मंडळाने दुसरा वकील केला तर तो कायद्याने मंडळाचा हक्क आहे. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. मात्र तसे झाले तर मी समोरच्या बाजूने साक्षीला येईन. चुन्याची रेघ, लिंबाचे झाड, तुटकी वायर आणि पुढच्या रिक्षाचा लाल दिवा, हे सगळे सांगेन. माझी उलटतपासणी घ्यायची असेल तर लहान प्रश्न विचारा, आणि ज्यांची उत्तरे माहीत आहेत तेवढेच विचारा, हे मी मघाशी सांगितलेच आहे. माझ्या बाबतीत उत्तरे तुम्हाला सगळीच माहीत आहेत.

आकाराम हवालदारांचे मी इथे जाहीर आभार मानते. त्या सोमवारी त्यांनी हात केला होता आणि माझ्यामुळे ते भर कोर्टात खोटे ठरले. आज ते आलेले नाहीत, कारण मंडळाने त्यांना निमंत्रण दिले नाही. समारंभासाठी तालमीचा हॉल मोफत देणाऱ्या वस्तादांचे, शामियान्याचे, लाउडस्पीकरवाल्यांचे आणि माझा बारीक आवाज शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. कल्लाप्पाण्णा, आपल्या हातून आबांना हार घालायचा कार्यक्रम पत्रिकेत यानंतर छापला आहे. तो घालावा की नाही, हे मी सांगू शकत नाही.

बोलण्याच्या ओघात अध्यक्षांचा, पाहुण्यांचा किंवा मंडळाच्या कोणा सभासदाचा अवमान झाला असेल, वयाला न शोभणारे काही तोंडून गेले असेल, तर या सभेने मला मोठ्या मनाने माफ करावे. आबांची क्षमा मी मागत नाही. ते लगेच देतील.